वॉचमन टिकत नाही: अपार्टमेंटमधल्या पगारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि खजिनदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. यातले निम्मे अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे येतात, कारण माणसं तेव्हाच जातात. मी स्वतः जळगावात ३२ फ्लॅटच्या इमारतीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. त्यातल्या एका वर्षात आम्ही पाच वॉचमन बदलले, तेव्हा खालचे बरेचसे सल्ले आधी चुकून मग सुचलेले आहेत. उदाहरणांतले पगाराचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. तुमच्याकडचा खरा दर कसा काढायचा ते प्रश्न २ मध्ये आहे.

१. तीस-चाळीस फ्लॅटच्या इमारतीला माणसं किती लागतात?

झाडू-पोछ्याला एक मावशी, गेटवर वॉचमन, आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियन बोलावल्यावर येणारे. लिफ्टचं वार्षिक कंत्राट कंपनीकडे असतं, त्याला वेगळा माणूस लागत नाही. शंभराच्या वर फ्लॅट गेले की मग पगारी मॅनेजर किंवा सुपरवायझर ठेवावा लागतो. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी एकच कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहून सगळं करतं. त्या पद्धतीचं काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये.

२. पगार किती द्यायचा? शेजारच्या सोसायटीत ९,००० देतात.

शेजाऱ्याला विचारू नका. त्यानेही त्याच्या शेजाऱ्यालाच विचारलेलं असतं. राज्याचा कामगार विभाग किमान वेतनाचे दर जाहीर करतो. त्यात दोन भाग असतात: मूळ दर आणि विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून वर्षातून दोनदा आकडा बघावा लागतो. काम कुशल, अर्धकुशल की अकुशल आणि गाव कोणत्या परिमंडळात, यावर दर ठरतो. म्हणजे जळगाव महापालिकेतला आणि पारोळ्यातला आकडा एकच असेल असं समजू नका.

पूर्वी किमान वेतन ठरावीक, अनुसूचीत नोंदलेल्या रोजगारांनाच होतं. १९४८ चा तो कायदा आता वेतन संहितेत आला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अनुसूचीची भानगड नाही. तेव्हा ‘आम्ही काय कारखाना आहोत का’ हे वाक्य आता सर्वसाधारण सभेत ऐकायला ठीक आहे, कामगार अधिकाऱ्यापुढे नाही.

३. १२ तासांची ड्यूटी तर सगळीकडेच आहे. त्यात चूक काय?

चूक हिशेबात आहे. समजा ८ तासांचा, २६ दिवसांचा पगार १३,००० आहे. म्हणजे दिवसाला ५०० आणि तासाला ६२ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइमचा दर किमान दुप्पट, म्हणजे तासाला १२५. रोजचे ४ तास जादा धरले तर त्याचेच ५०० होतात. १२ तासांच्या ड्यूटीला दिवसाचे १,००० द्यायला हवेत, महिन्याचे २६,०००. आपण १३,००० देतो आणि वर म्हणतो, ‘बसूनच तर असतो.’

आता चोवीस तास गेट सांभाळायचं तर आठवड्याचे १६८ तास होतात. माणशी ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात, आणि आठवड्याचा खर्च या दराने १०,५०० येतो. तेच काम १२-१२ तासांच्या दोन पाळ्यांत, साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस धरून, नियमाने पैसे देत केलं तर १४,००० होतात. म्हणजे कायद्याने चाललं तर तीन पाळ्याच स्वस्त पडतात. दोन पाळ्या स्वस्त वाटतात, कारण जादा तासांचे पैसे कुणी देतच नाही.

साडेतीन माणसांचे महिन्याला ४५,५०० म्हणजे ३२ फ्लॅटमध्ये प्रत्येकी चौदाशेच्या वर. आम्हाला ते झेपलं नसतं, हे उघड आहे. मग आम्ही तास कमी केले. सकाळी ६ ते दुपारी २ गेटवर कुणी नाही, त्या वेळेला कॅमेरा आणि झाडूवाल्या मावशींची ये-जा. दुपारी २ ते रात्री १० एक, रात्री १० ते सकाळी ६ दुसरा. सुट्टीची बदली धरून फ्लॅटमागे साडेनऊशेच्या आसपास बसलं. पहिल्या महिन्यात तीन पार्सलं हरवली आणि त्यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा उद्धार झाला. मग गेटजवळ कुलपाची पेटी बसवली.

४. एजन्सी लावावी की माणूस स्वतः ठेवावा?

पन्नास फ्लॅटच्या आत असाल तर मी स्वतः ठेवण्याच्या बाजूने आहे. एजन्सीचा फायदा एकच: आज माणूस नाही आला तर दुसरा पाठवतात. पण तो दुसरा तुमच्या आजीबाईंना ओळखत नाही आणि मोटरचा कोणता कॉक कुठे फिरतो हेही त्याला माहीत नसतं.

एजन्सी लावलीच तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना बघा. या कायद्याच्या नियमांत सुरक्षारक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलेलं आहे. गेटवर आलेल्या पोराला ‘ट्रेनिंग कुठे झालं’ विचारून बघा, उत्तर तो नाही, त्याचा चेहरा देईल. आणि कंत्राटात लिहून घ्या की पगार महिन्याच्या ७ तारखेच्या आत होईल आणि पगारचिठ्ठीची प्रत सोसायटीला मिळेल. एजन्सीने पगार बुडवला तर तो कामगार सोसायटीच्या दारात उभा राहू शकतो.

५. एजन्सीला आम्ही २०,००० देतो, वॉचमन म्हणतो हातात १०,७०० पडतात. बाकीचे गेले कुठे?

कदाचित कुठेच गेले नसतील. हा हिशेब कागदावर मांडून बघा.

२०,००० मध्ये १८ टक्के जीएसटीचे ३,०५१ रुपये आहेत. उरले १६,९४९. समजा माणसाचा पगार १२,५०० धरला आहे. त्यावर मालकाचा पीएफ, प्रशासकीय शुल्क वगैरे मिळून १३ टक्के, म्हणजे १,६२५. ईएसआयचे (कामगार विम्याचे) ३.२५ टक्के, म्हणजे ४०६. बोनसचे ८.३३ टक्के, म्हणजे १,०४१. बेरीज १५,५७२. एजन्सीला राहिले १,३७७. वॉचमनच्या १२,५०० मधून त्याचा पीएफ १,५००, ईएसआय ९४ आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात १०,७०६.

तेव्हा आकडा ऐकून लगेच एजन्सीला चोर म्हणू नका. पण तपासा मात्र. वॉचमनच्या मोबाइलवर उमंग ॲप उघडा आणि त्याचं पीएफचं पासबुक बघा. त्याचा आणि मालकाचा मिळून महिन्याला तीन हजारांच्या आसपास जमा दिसायला हवेत. आमच्याकडे एकदा असं पासबुक उघडलं तर आठ महिन्यांत एक रुपया नव्हता. ती एजन्सी आम्ही पुढच्याच महिन्यात बदलली. त्या पोराचे पैसे निघायला मात्र वर्ष गेलं.

आणखी एक: हा पगार ८ तासांचा धरला आहे. तुमचा माणूस १२ तास उभा असेल तर प्रश्न ३ कडे परत जा.

६. पगार बरा देतो, तरी दर चार महिन्यांनी माणूस जातो. का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटतं की पोरं आळशी झाली आहेत.

हंगाम हे एक कारण आहे. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी, मग जिनिंग, इकडे रावेर-यावलला केळीचं काम, तिकडे ऊसतोडीच्या टोळ्या. एमआयडीसीत डाळ मिल आणि चटईचे कारखाने आहेत. आणि सुरत तर आहेच. उधना-जळगाव लाइनवर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार कुठूनही गाडीत बसलं की उतरायच्या जागी गावचा कुणीतरी भेटतोच. तिथल्या साडीच्या कामात पैसे गेटवर बसण्यापेक्षा जास्त मिळतात. हंगामाशी तुम्ही पैशाने स्पर्धा करू शकणार नाही.

पण आमच्या पाच जणांपैकी हंगामासाठी गेलेला एकच. चौथ्याची गोष्ट सांगतो. मे महिना, पारा ४५ च्या वर. आमची गेटवरची केबिन पत्र्याची, पश्चिमेला तोंड करून. दुपारी मी खाली उतरलो तर हा केबिनच्या बाहेर, कंपाउंडच्या भिंतीच्या वीतभर सावलीत उकिडवा बसलेला. डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा, भाकर उन्हाने कडक झालेली. मला बघून उठला आणि म्हणाला, “भाऊ, आते मी येवाव नई.” मी पगार वाढवायचं बोललो. तो काही बोलला नाही, केबिनकडे फक्त बघितलं. पंखा नव्हता, आणि लघवीला समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जावं लागत होतं. तळमजल्यावर कॉमन संडास होता, त्याची किल्ली कमिटीकडे.

बाकीची कारणं यादीत सांगण्यासारखी नाहीत, पण तुम्ही ओळखाल. पगार कधी ९ तारखेला, कधी १७ ला (प्रश्न ९). बत्तीस फ्लॅट म्हणजे बत्तीस साहेब: एक म्हणतो गाडी पूस, दुसरी म्हणते दूध आण, तिसरा म्हणतो पोराला रिक्षात बसव, आणि चौथा त्याच वेळी ग्रुपवर फोटो टाकतो, ‘गेटवर कुणी नाही!’ आम्ही शेवटी कामाचा कागद केबिनमध्ये चिकटवला आणि सांगितलं की वॉचमनला काम सांगायचं ते सेक्रेटरीमार्फत. गाडी पुसायची असेल तर ड्यूटीनंतर, वेगळे पैसे देऊन. दोन सभासद अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

७. नवा माणूस शोधायला तसा काही खर्च येत नाही, मग बदलत राहिलं तर बिघडलं कुठे?

खर्च येतो, पण तो मेन्टेनन्सच्या बिलात दिसत नाही. नवा माणूस पहिल्या आठवड्यात टाकी ओतू देतो. मोटर कोरडी चालवतो. आमची एकदा जळली आणि रिवाइंडिंगचं बिल त्याच्या पगाराच्या अर्ध्याला गेलं. ओळख पटत नाही म्हणून सभासदाच्या जावयाला गेटवर अडवतो आणि खऱ्या भामट्याला सलाम ठोकून आत सोडतो. पोलीस पडताळणीचा अर्ज दर वेळी नव्याने. सेक्रेटरीच्या रात्री वेगळ्याच.

८. अखाजीला किंवा होळीला गेला की परत येत नाही. सुट्टी द्यायचीच नाही का?

नाही दिली तरी जाणार, फक्त न सांगता जाईल. सातपुड्यातले पावरा किंवा भिल्ल बांधव असतील तर होळीआधी भोंगऱ्या बाजार असतो, आठवडाभर माणूस इकडे मिळणार नाही. खानदेशी गावांत अखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात, घरातला कर्ता तेव्हा गेटवर कसा बसेल? श्रावणात कानबाईचा सण.

जमलेली युक्ती अशी: वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, ‘तुझा मोठा सण कोणता?’ त्या सणाला ५ दिवस पगारी सुट्टी लिहून द्या. बदलीचा माणूस महिनाभर आधी ठरवा, शक्यतो त्यानेच सुचवलेला. तो आपल्या भावाला किंवा गाववाल्याला बसवून जातो आणि त्याची जागा जाऊ नये म्हणून वेळेवर परतही येतो.

९. मेन्टेनन्सच २० तारखेपर्यंत जमत नाही, मग ७ ला पगार कुठून करायचा?

कायद्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे. सभासदांनी पैसे थकवले हे वॉचमनला सांगायचं कारण नव्हे. मेन्टेनन्स तिमाही आणि आगाऊ घ्या. एकदाच सगळ्यांकडून एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम जमवून पगाराचं वेगळं खातं करा. थकबाकीवर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. ते लावायचं धाडस कमिटीने करावं, त्याची भरपाई वॉचमनकडून करू नये.

सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. ‘बदली माणूस आणल्याशिवाय पगार नाही’ असं म्हणता येत नाही.

१०. उचल द्यावी का? मागच्या वेळी पोरगा घेऊन पळाला.

द्या, पण लिहून आणि बेताची. आम्ही एका महिन्याच्या पगारापर्यंत देतो, बिनव्याजी, आणि सहा हप्त्यांत कापतो. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर नेता येत नाहीत. उचल दिली म्हणून आधार कार्ड ठेवून घेणं किंवा ‘फिटेपर्यंत जायचं नाही’ म्हणणं, हे वेठबिगारीच्या वाटेवरचं आहे. त्याला १९७६ चा कायदा आहे. पळालेल्या पोराचे पैसे बुडीत धरा. आमचे एकदा ४,००० गेले.

११. खोली दिली आहे, वीज-पाणी फुकट. त्याबद्दल पगार कमी दिला तर चालेल?

खोलीत माणूस राहतो ही सोसायटीची सोय आहे, रात्री दोनला मोटर लावायला तोच उठतो. खोली दाखवून किमान दराच्या खाली जाऊ नका. याहून मोठी गफलत म्हणजे त्याची बायको जिने झाडते आणि तिला वेगळं काहीच मिळत नाही. तिचं नाव हजेरी पुस्तकात घ्या आणि पगार तिच्या खात्यात टाका. आम्ही असं केलं तेव्हा खजिनदार म्हणाले, “एकाच घरात तर जातात.” त्यांच्या घरात दोन पगार येतात, हे मी बोललो नाही.

१२. पगारवाढीचा बोजा मोठ्या फ्लॅटवर जास्त टाकायचा का?

आधी तुमची नोंदणी कशाखाली आहे ते बघा. १९६० च्या कायद्याखालची सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर वॉचमन, सफाई, माळी यांचे पगार सेवाशुल्कात येतात आणि सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना समान असतं. वन बीएचके असो की थ्री. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र केलेलं असेल तर खर्च अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक मालमत्तेतल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या) टक्केवारीने वाटतात, मोठा फ्लॅट जास्त देतो. धुळ्या-जळगावात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी उभे असतात, म्हणून शेजारच्या बिल्डिंगचा दाखला इथेही चालत नाही.

१३. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणतात, ‘आम्हाला वॉचमनची गरज नाही.’

सभासद असतील तर गरज असो-नसो, वाटा द्यावा लागतो. विभागणी प्रश्न १२ प्रमाणे.

१४. आमच्याकडे तीनच माणसं आहेत. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी लागू होते का?

तीन माणसांना सक्तीने नाही. पीएफला २०, ईएसआय आणि ग्रॅच्युइटीला १० माणसांची अट आहे. पण ‘लागू नाही’ म्हणून थांबू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये आणि जीवनज्योती विमा ४३६ रुपये, दोन्हींत २-२ लाखांचं संरक्षण (जीवनज्योतीत ५० वर्षांच्या आत नाव घालावं लागतं). माणशी ४५६ रुपये सोसायटीने भरले तर कुणाच्या मेन्टेनन्सला धक्का लागत नाही. वय ४० च्या आत असेल तर अटल पेन्शनचा फॉर्मही भरून द्या. दिवाळीचा बोनससुद्धा लहान सोसायटीला कायद्याने बंधनकारक नाही, पण घरोघरी शंभर-पन्नास मागत फिरवण्यापेक्षा एक पगार एकदम द्यावा.

१५. पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही रात्री. मोटर लावायचे वेगळे पैसे द्यायचे?

धुळ्याहून हा प्रश्न हमखास येतो. रात्रपाळीचा माणूस असेल तर ते त्याच्या कामातच धरा. दिवसपाळीच्या किंवा खोलीत झोपलेल्या माणसाला उठवत असाल तर ते जादा काम आहे. आम्ही दर वेळेचा ठरावीक दर लावला आणि केबिनमधल्या वहीत वेळ लिहायला सांगितली. वहीमुळे दुसरा एक फायदा झाला: पाणी किती वाजता आलं यावरची भांडणं संपली.

१६. सेप्टिक टँक तुंबला आहे. वॉचमन म्हणतो, ५०० द्या, मी उतरतो.

उतरवू नका. पाच हजार मागितले तरी नाही. २०१३ च्या कायद्याने असं घातक काम करून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीतला वायू दिसत नाही आणि वाचवायला उतरलेला दुसराही आतच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळेल. पालिकेची नाहीतर खासगी मैला टँकरची गाडी बोलवा.

१७. चोरीचा संशय आहे. लगेच काढता येईल का, आणि तो कोर्टात गेला तर?

संशय असेल तर पोलिसांत जा, झडती आणि मारहाण तुमचं काम नाही. काढायचं असेल तर लेखी कारण द्या, त्याचं म्हणणं लेखी घ्या आणि आजवरचा पगार चुकता करा (प्रश्न ९). सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सोम विहार अपार्टमेंटच्या प्रकरणात सांगितलं होतं की केवळ सभासदांना सेवा देणारी अशी संस्था तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘उद्योग’ ठरत नाही. काही सेक्रेटरी हा निकाल खिशात घालून फिरतात. तो त्या कायद्याखालच्या वादापुरता आहे, पगार बुडवायला त्याचा आधार नाही.

१८. सोडून गेलेला वॉचमन परत येतो म्हणतोय. घ्यावा का?

उचल बुडवून गेला नसेल तर घ्या, आणि नव्या माणसाच्या दराने नको, गेला नसता तर जो झाला असता त्या पगारावर घ्या. आमचा तो चौथा दोन वर्षं सुरतेत काढून आला. गेटवर उभं राहून त्याने पगार विचारला नाही. केबिनमध्ये डोकावून वर बघितलं, बटण दाबलं, पंखा फिरला. मग म्हणाला, “सोमवारपासून येतो.”